उचल परत आली तेव्हा

2014 साली दापोली तालुक्यात, आमच्याच खळ्यात, तीन बायकांना घेऊन आमसुलं करायला सुरुवात केली. रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायची, सालींना रसामिठाचे पुट द्यायचे, उन्हात घालायच्या, बियांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, काढायचं. पहिल्या सहा वर्षांत याहून सांगण्यासारखं काही नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आमच्या शेडचे पत्रे उडाले, पण बायकांची कौलं, माड, पोफळी गेल्या, त्यापुढे पत्र्यांचं काय! प्रत्येकीला दहा हजारांची बिनव्याजी उचल दिली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. दोन महिन्यांनी एकजण तेच पाकीट घेऊन दारात. "वहिनी, ठेवा हे तुमच्याकडं. काय आणायचं तेच ठरवता येत नाय." वारा सुटला की तिला दरदरून घाम फुटायचा. रात्री डोळ्याला डोळा नाही.

शेजारच्या वाडीत एक निवृत्त नर्सबाई आहेत. पुढच्या हंगामापासून त्या दर बुधवारी चहानंतर बायकांशी बोलायला येऊन बसू लागल्या. समोर खुर्ची मांडून विचारलं तर कोणी बोलेना. रातांबे फोडायला बसलं की मान खाली, हात लालभडक, आणि तोंड आपोआप सुटतं. मी तिथे बसायचं नाही, ही बाईंची अट. तेव्हा मला ती झोंबली. पण जिच्याकडून उचल घ्यायची, तिच्यासमोर नवऱ्याच्या दारूचं कोण काढणार?

एकदोघींना डॉक्टरचीच गरज होती. पण आमच्याकडे 'रत्नागिरीला नेलं' याचा अर्थ एकच, तिथलं मनोरुग्णालय. त्यामुळे घरचे तयार होईनात. 2022 मध्ये सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा सुरू झाली, तेव्हा 14416 हा नंबर मिठाच्या हिशेबाशेजारी भिंतीवर लिहून टाकला. फुकट आहे, मराठीत बोलतात. पहिला फोन शेडच्या मागून झाला. कोणी केला, मी विचारलं नाही.

नुसत्या बोलण्याने कौलं चढत नाहीत, हेही खरं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून 35 टक्के अनुदानावर ड्रायर घेतला; त्याच योजनेत तेव्हा बचतगटाच्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीज भांडवल, म्हणजे धंद्यासाठी सुरुवातीचे पैसे, मिळत होतं. कर्जाच्या कागदांसाठी गेले तर एका बँकेत विचारलं, "मालक नाही आले?"

पाकीट परत करणारीने तिसऱ्या वर्षी स्वतःहून उचल मागितली. बरण्या घेतल्या. आता हर्णैच्या रस्त्यावर स्वतःचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, विकते, माझ्यापेक्षा बाटलीमागे पाच रुपयांनी स्वस्त.