ग्रँट मिळाली होती, मग राज्याला परत कसलं देतो?

न्यू जर्सीत शाळांच्या बजेटची सुनावणी झाली की ओळखीचे लोक हमखास विचारतात, ‘इमारतीसाठी राज्याने ग्रँट दिली होती ना? मग खर्चात ही एसडीएच्या (शाळांच्या बांधकामाचं बघणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या) कर्जफेडीची आकारणी कुठून आली?’ तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितोय.

अ‍ॅबट विरुद्ध बर्क खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली बजावलं, की गरीब स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (गावापुरत्या शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थांमधल्या) शाळांच्या इमारतींचा पुरा खर्च राज्याने उचलायचा. त्यातून 2000 सालचा बांधकाम-निधीचा कायदा आला. एकूण 8.6 अब्ज डॉलर. त्यातले 6 अब्ज न्यूअर्क, कॅम्डेनसारख्या डिस्ट्रिक्टना, आणि 2.5 अब्ज तुमच्या-माझ्यासारख्या उपनगरांना. आपल्याला मान्य खर्चाच्या किमान 40 टक्के ग्रँट. उरलेल्या रकमेसाठी गावात रेफरेंडम, म्हणजे मतदान, घेऊन स्वतःचे बाँड (कर्जरोखे) काढायचे.

पण एवढी रोकड राज्याकडे होती कुठे? राज्याच्याच इकॉनॉमिक डेव्हलपमेंट अथॉरिटीने बाँड विकले, त्यातून ग्रँट वाटल्या, आणि मुद्दल-व्याज राज्याच्या बजेटमधून फिटू लागलं. म्हणजे आपली ग्रँट हे पहिल्यापासून कर्जच होतं, फक्त ते राज्याच्या डोक्यावर होतं.

मग मंदी आली. राजधानी ट्रेंटनच्या, म्हणजे राज्याच्या, तिजोरीत खड्डा पडला आणि 2010-11च्या बजेटपासून ग्रँट घेतलेल्या डिस्ट्रिक्टवर आकारणी लागली: त्या बाँडच्या वार्षिक हप्त्यात तुमच्या ग्रँटचा जो वाटा, त्याचे 15 टक्के तुम्ही भरायचे. समजा, तुमच्या वाट्याचा हप्ता यंदा 3 लाख डॉलर आहे, तर 45 हजार तुमचे.

वसुलीची तऱ्हा तर बघण्यासारखी आहे. डिस्ट्रिक्ट चेक लिहीत नाही. राज्य शालेय मदतीतून रक्कम आधीच कापून घेतं. पण हिशेबात मदत पूर्ण जमा दाखवायची आणि कापलेली रक्कम खर्चात टाकायची. त्यामुळे कागदावरची मदत खात्यात आलेल्या पैशांपेक्षा जास्त दिसते. शिवाय आपल्या स्वतःच्या बाँडचा हप्ता वेगळ्या कर्जफेड निधीतून जातो, वर्षाला 2 टक्के करवाढीच्या मर्यादेबाहेर. ही आकारणी मात्र सर्वसाधारण निधीत बसते, जिथून शिक्षकांचे पगार निघतात. हप्ता राज्याच्या बाँडचा, त्यामुळे यंदा किती कापले जाणार ते तुमच्या बोर्डाच्या हातात नाही.

न्याय बघायचा तर ज्या डिस्ट्रिक्टनी एकरकमी ग्रँट न घेता स्वतःच्या बाँडच्या हप्त्यासाठी राज्याची दरवर्षीची कर्जफेड-मदत पत्करली, त्यांचीही मदत 85 टक्क्यांवर आणली. कात्री दोघांना सारखीच लागली, हे मान्य. रक्कमही बहुतेक बजेटांत फार मोठी नसते. तिच्यामुळे कर वाढला असं जे सांगतात, त्यांनी आधी बजेटमधली कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याची ओळ वाचावी. मला खटकतं ते वेगळंच. लोकांनी रेफरेंडमला हो म्हटलं ते ‘40 टक्के राज्य देणार’ हे वाचून. अट बदलली त्यानंतर कित्येक वर्षांनी, बजेटच्या मजकुरात, आणि त्यावर गावाला कुणी विचारलं नाही.

तेव्हा सुनावणीत बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवर (डिस्ट्रिक्टचे हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्यावर) चिडू नका, ती ओळ त्यांना छापावीच लागते. यंदाचा आकडा किती आणि कुठल्या इमारतीच्या ग्रँटपोटी, एवढं त्यांना विचारा; बाकीचं पत्र आपल्या आमदाराला.