रुपये एक हजार, नोटा आठ

बँकेची कामं आता बरीचशी फोनवर होतात. तरी वर्षातून चार-सहा वेळा शाखेत जावं लागतंच: पासबुक भरायचं, चेकबुक घ्यायचं, फाटकी नोट बदलायची, आजीचा हयातीचा दाखला द्यायचा. अशा वेळी मुलांना घरी ठेवू नका, बरोबर न्या. शाखेत हात लावून, उजेडात धरून, मोजून बघण्यासारखं इतकं काही असतं की टोकनचा नंबर लवकर आला तर उलट हळहळ वाटेल.

सोबत एक छोटं भिंग, एक फूटपट्टी, स्वतःचं पेन आणि नोटा ठेवायला पारदर्शक पाकीट घ्या. फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका. बऱ्याच शाखांत फोटो काढायला मनाई असते. दिवस मात्र नीट निवडा. महिन्याचा पहिला आठवडा पगार आणि पेन्शनचा, सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस गर्दीचा, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद. पंधरा ते पंचवीस तारखेच्या दरम्यानचा मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार उत्तम.

आता मुख्य खेळ. विड्रॉल स्लिपवर एक हजार रुपये लिहा आणि कॅशियरना विचारा, "पाचशेची एक, दोनशेची एक, शंभरच्या दोन, पन्नासची एक, विसाच्या दोन आणि दहाची एक अशा मिळतील का?" बेरीज बरोबर हजार भरते आणि आठ नोटांत दहापासून पाचशेपर्यंतच्या सहाही प्रकारच्या नोटा हातात येतात. प्रत्येकी एकच हवी असेल तर आकडा ८८० होतो, पण हजार सांगायलाही सोपं आणि द्यायलाही. मागणी स्लिपच्या मागे पेन्सिलीने लिहून द्या, म्हणजे काउंटरवर बोलण्यात वेळ जाणार नाही. रांग लांब असेल तर हा हट्ट धरू नका. पैसे खिडकीपाशीच मोजून घ्या आणि मग बाजूच्या बाकावर बसा. गर्दीत पाचशे-दोनशेच्या नोटा बाहेर काढू नका. त्यांचा खेळ घरी, बाकीच्यांचा तिथेच.

या सहा नोटांच्या पाठीवर देशाची सहल आहे. दहावर कोणार्कचं सूर्यमंदिर, विसावर वेरूळची लेणी, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. घरी भारताचा नकाशा जमिनीवर पसरा आणि प्रत्येक नोट आपापल्या राज्यावर ठेवायला सांगा. वीस रुपये महाराष्ट्रात राहिले पाहिजेत. नोटांचे रंगही नकाशावर छान दिसतात: चॉकलेटी, हिरवट पिवळा, निळा, फिकट जांभळा, गडद पिवळा आणि राखाडी.

मग याच नोटांचा जिना करा. सगळ्यांची डावी कड एका रेषेत लावली की उजवीकडे पायऱ्या दिसतात. लांबी मिलिमीटरमध्ये अशी: दहा १२३, वीस १२९, पन्नास १३५, शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. पहिल्या दोन ६३ मिमी उंच, बाकीच्या ६६. म्हणजे पाचशेची नोट नेमकी १५ सेंटिमीटरची. दोन नोटा टोकाला टोक लावून ठेवल्या की फूटपट्टीवरचे ३० सेंटिमीटर झाले. पट्टी विसरलात तर टेबल, खिडकी, पडद्याचं कापड, काहीही यांनी मोजता येतं.

जिना बिघडण्याचं एकच कारण: जुन्या मालिकेच्या नोटा. त्या अजून चलनात आहेत आणि चालतात, पण मापं वेगळी. जुनी शंभरची नोट १५७ मिमी लांब आणि ७३ मिमी उंच, म्हणजे आजच्या पाचशेपेक्षाही मोठी. जुन्या विसाची आणि पन्नासची लांबी सारखीच, १४७ मिमी. मुलांना ही गडबड आधी सांगू नका. त्यांना स्वतःला सापडू द्या.

ही मापं वेगळी का, हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर या सगळ्यात मोलाचं आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना बोटांनी नोट ओळखता यावी म्हणून. मुलांचे डोळे रुमालाने बांधा आणि नोटा हातात द्या. दहा आणि पाचशे यांतला फरक लगेच ओळखतील, पण शंभर, दोनशे आणि पाचशे यांत चार-चार मिलिमीटरचाच फरक, तिथे अडतील. तेव्हा नोटेच्या पुढच्या बाजूला, डाव्या-उजव्या कडांवर बोट फिरवायला सांगा. शंभरवर चार उंचवट्याच्या तिरक्या रेघा, दोनशेवर चार रेघा आणि मध्ये दोन छोटी वर्तुळं, पाचशेवर पाच रेघा. शिवाय शंभरवर उंचवट्याचा त्रिकोण आणि पाचशेवर गोल असतो. नोट वापरून मऊ पडली की हे उंचवटे दबतात आणि खेळ फसतो, म्हणून कोऱ्या करकरीत नोटा लागतात. पण वापरलेली नोटही एकदा मुलांच्या हातात द्या. अंध माणसाला रोज बाजारात हीच अडचण येते, हे त्यांच्या बोटांना कळेल. रिझर्व्ह बँकेने २०२० साली याच कामासाठी 'मनी' नावाचं ॲप काढलं. फोनच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

बाकावर बसल्या बसल्या करण्यासारखा खेळ भाषांचा. नोटेच्या मागच्या चौकटीत पंधरा भाषा आहेत, इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने. वरून आठवी मराठी. देवनागरीत लिहिलेल्या चार ओळी शोधायला सांगा: कोकणी, मराठी, नेपाळी, संस्कृत. शंभराच्या नोटेवर मराठीत 'शंभर रुपये' आणि कोकणीत 'शंबर रुपया'. एका अक्षरावरून दोन बहिणी ओळखता येतात. गोव्यात नातेवाईक असतील तर दोन्ही ओळी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. शंभराची नोट तिरकी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो, तेही इथेच बघून घ्या.

क्रमांकांची शिकार तर मोठ्यांनाही वेड लावते. नोटेच्या क्रमांकात पुढे अंक आणि अक्षरं यांचा छोटा गट, नंतर सहा आकडे असतात. सहा आकडे म्हणजे जन्मतारीख: दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, दोन वर्षाचे. अख्खी तारीख क्वचितच जुळते, पण शेवटचे चार आकडे महिना-वर्षाशी जुळणारी नोट धीराने शोधली तर सापडते. उलट वाचला तरी तोच राहणारा क्रमांक, उदाहरणार्थ ४७३३७४, सरासरी हजारात एक. कधी दहाच्या शंभर नोटांचं कोरं बंडल मिळालं तर ते उलगडण्याआधीच असा क्रमांक त्यात आहे का हे सांगता येतं. बंडलात क्रमांक ओळीने असतात, बदलतात ते शेवटचे दोन आकडे. म्हणून तिसरा आणि चौथा आकडा सारखा असेल तरच उलटसुलट क्रमांक निघणार, आणि तोही एकच. ४७३३ ने सुरू होणाऱ्या बंडलात आहे, ४७३५ वाल्यात नाही. आठवीतल्या मुलाला हे 'का' विचारून बघा.

त्याच बंडलात अक्षरं आणि आकडे यांच्या मध्ये चांदणी असलेली नोट दिसली तर घाबरू नका. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी ती घातलेली असते आणि ती पूर्ण खरी असते. असे क्रमांक २००६ पासून आहेत, तरीही दुकानदार त्या परत करतात. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला पुन्हा एकदा जाहीर खुलासा करावा लागला.

मुलांचा गल्ला भरला असेल तर त्याची बँकयात्रा काढा. फोडल्यावर नाण्यांची किंमतीप्रमाणे वर्गवारी करा, शंभर-शंभर नाणी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि आत चिठ्ठी टाका: किती रुपयांची, किती नग. नाणी मोजून घेण्यापेक्षा वजनावर आणि शंभराच्या पिशव्यांत घेणं बँकेला सोयीचं पडतं, म्हणून हा त्रास वाचवणारा मार्ग आहे. ढीग तसाच ओतलात तर कॅशियर वैतागणारच, आणि त्यांचं बरोबर असेल. चार आण्याचं नाणं आणि त्याहून लहान सगळी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, ती बाजूला काढा. आठ आणे अजून चालतात. दहाच्या नाण्याच्या २०१८ पर्यंतच १४ वेगवेगळ्या नक्ष्या निघाल्या होत्या आणि सगळ्या खऱ्या. कुणी नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४० या क्रमांकावर फोन करून खात्री करता येते.

पिशव्या बांधताना वजनाचा अंदाज खेळा. वीस रुपयांचं बारा कोनी नाणं ८.५४ ग्रॅम, म्हणून शंभर नाण्यांची पिशवी ८५४ ग्रॅम आणि किंमत दोन हजार. २०१९ च्या नक्षीची रुपयाची नाणी शंभर घेतली तर ३०९ ग्रॅम. २०११ च्या नक्षीची शंभर, ३७९ ग्रॅम. रक्कम तीच आणि फरक सत्तर ग्रॅमचा! दोन्ही मिसळली तर स्वयंपाकघरातला काटा फसवतो, म्हणून वजनाचा खेळ खेळायचा तर नक्षीप्रमाणेही वेगळी करावी लागतात. बँकेत द्यायला मात्र नग मोजलेले पुरे.

मोजता मोजता टांकसाळ ओळखा. नाण्यावर सालाच्या खाली बघा: हिऱ्याचा आकार म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. चारही टांकसाळींची नाणी आधी जमवेल तो जिंकला. झिजलेला हिरा ठिपक्यासारखा दिसतो आणि तिथेच वाद होतात. भिंगातून कोपरे दिसतात का ते पाहून निकाल द्या.

स्लिप भरण्याचं काम मुलांकडे सोपवा, आणि मराठीत. अक्षरी रक्कम लिहिताना आपली संख्यानामं खरी परीक्षा घेतात: ५९ एकोणसाठ, ७९ एकोणऐंशी, ८९ एकोणनव्वद आणि मग ९९ मात्र नव्व्याण्णव. ५,९७९ रुपये न अडखळता लिहिणारं मूल पाचवीतही क्वचित सापडतं. चेकही मराठीत लिहिता येतो. पण सराव चेकवर करू नका. चेकवर खाडाखोड चालत नाही, आणि अंक व अक्षरं जुळली नाहीत तर तो परत येतो. सरावाला एक जादा स्लिप पुरते. गठ्ठा उचलू नका.

शेवटी पासबुकाचं यंत्र. छापायला घालण्याआधी प्रत्येकाने व्याजाचा आकडा कागदावर लिहायचा. सूत्र सोपं: शिल्लक गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६,५००. वीस हजार रुपये ९१ दिवस जसेच्या तसे राहिले आणि दर अडीच टक्के धरला तर १२४ रुपये ६६ पैसे. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जातं, त्यामुळे मध्ये पैसे काढले-भरले असतील तर तेवढे तुकडे वेगळे मोजावे लागतात, आणि अंदाज चुकतो तो इथेच. पासबुक घालताना शेवटचं छापलेलं पान उघडं ठेवा, दुमडलेले कोपरे नखाने सरळ करा. बारकोडचं स्टिकर फाटलं असेल तर यंत्र पासबुक वाचणार नाही. काउंटरवर नवं स्टिकर मागा, पुन्हा रांगेत बसा आणि दहाच्या नोटेवरची कोणार्कच्या चाकाची आरी मोजा.