पावसाविना पावसाचं पाणी

इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात खारगा मरूद्यानाहून दाखला मरूद्यानाला येताना खिडकीबाहेर वाळू आणि खडक, दुसरं काही नाही. मग एकदम खजुरी, पाट आणि हिरवंगार बरसीम. आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात तोच चारा. नावसुद्धा अरबीतूनच आपल्याकडे आलेलं.

मूत गावाजवळ 'बीर तलाता' आहे, म्हणजे तीन नंबरची विहीर. खरं तर बोअरच. पाणी ऊन ऊन, लोखंडाच्या वासाचं. हौदात पाय सोडून बसले आणि वाटलं, इथे वर्षानुवर्षं पाऊस नाही, मग हे आलं कुठून?

इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाडच्या पोटात पसरलेल्या न्युबियन वालुकाश्म नावाच्या खडकातून. कार्बन-14 ने या पाण्याचं वय निघत नाही, इतकं ते जुनं. म्हणून क्रिप्टॉन-81, एक किरणोत्सारी वायू. पाऊस हा वायू हवेतून घेऊन जमिनीत शिरतो. तिथे नवा मिळत नाही, असलेला 2 लाख 29 हजार वर्षांत निम्मा होतो. या वाळवंटातल्या विहिरींवर टनावारी पाणी उपसून त्यातला वायू वेगळा काढला आणि लेसरने त्याचे अणू एकेक करून मोजले. 2004 साली उत्तर छापून आलं: सुमारे 2 लाख ते 10 लाख वर्षं.

पण मी हरखले ती ऑक्सिजनमुळे. ढगातून जड ऑक्सिजन-18 चं पाणी आधी गळतं. ढग जमिनीवरून जितका लांब जाईल, तितकं पुढच्या पावसात हे जड पाणी कमी, म्हणजे ते पाणी वजनाने हलकं. इथलं पाणी आज भूमध्य किनाऱ्यावर पडणाऱ्या पावसापेक्षा कितीतरी हलकं आहे. संशोधकांनी त्यावरून अर्थ लावला, की हे ढग अटलांटिकवरून निघून उत्तर आफ्रिका ओलांडत इथवर आले. आज जिथे ढग दिसत नाही, तिथे तेव्हा पश्चिमेचा पाऊस कोसळत होता! माझ्या पावलांवरून तोच वाहत होता.

आमच्या सातारच्या मळ्यातली विहीर वैशाखात तळ दाखवते आणि श्रावणात पुन्हा भरते. इथला श्रावण लाखो वर्षांपूर्वी होऊन गेला. पूर्वी या विहिरींचं पाणी आपोआप उसळून वर यायचं. आता दाब उतरलाय, बऱ्याच ठिकाणी पंप बसलेत. हे ऐकून पोटात कालवलं.

उठले तेव्हा पलीकडच्या शेतात एक म्हातारबाबा पाटाचं तोंड मातीने बुजवत होते. पाणी वळलं आणि बरसीमच्या दुसऱ्या वाफ्यात शिरलं.