सरांचा एक तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, काहीतरी लिहून पाठव असा फोन आला आणि खरं सांगतो, मला दुसरं काही सुचलंच नाही, फक्त आपले इंग्लिशचे सर. नाव लिहायची गरज नाही, सगळ्यांना माहितीये.

नववीत एका पोराने वाक्य केलं, मंत्र्यांनी आरोप रिफ्यूट केले. सर म्हणाले, "पुरावा कुठंय? नुसतं नाही म्हटलं तर ते डिनाय झालं. रिफ्यूट म्हणजे खोटं पाडून दाखवायचं." मग त्यावर अख्खा तास. लॅटिनमध्ये रेफुटारे म्हणजे परतवून लावणं, कन्फ्यूट त्याच घरातला, समोरच्याचा मुद्दा पार मोडून त्याला गप्प करायचं, आणि रिबट जुन्या फ्रेंचमधला, मूळ अर्थ मागे ढकलणं. एवढं सांगून सरांनी मागच्या बेंचवरच्या दोघांना उठवलं, एकाला बाहेरून दार ढकलायला लावलं, दुसऱ्याला आतून परत लोटायला. बिजागरी करकर वाजतेय, शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या, आतला "ढकल की बे अजून" म्हणून ओरडतोय आणि सर शांतपणे फळ्यावर रिबट लिहितायत.

डीबंक, म्हणजे थापा उघड्या पाडणं, या शब्दाचा किस्सा तर मी आजही कोर्टात सांगतो. १८२० साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, फेलिक्स वॉकर नावाचा खासदार भाषण आवरेना, म्हणाला मी माझ्या बंकम काउंटीसाठी बोलतोय, तिथून बंकम म्हणजे पोकळ बडबड, त्याचं झालं बंक आणि १९२३ मध्ये विल्यम वुडवर्ड या लेखकाने डीबंक आणला. हे कुठल्या गाईडात मिळणार होतं?

आज मी सोलापूरच्या जिल्हा कोर्टात वकिली करतो, चेक बाऊन्सची कामं जास्त. चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३९ म्हणतं की चेक हा असलेलं देणं फेडायलाच दिला असं कोर्टाने धरून चालायचं, रिबट आरोपीने करायचं. पक्षकार म्हणतो, "साहेब, मी पैसे घेतलेच नाहीत म्हणतोय की." मी म्हणतो नुसतं म्हणून भागत नाही ओ, वह्या काढा, बँक स्टेटमेंट आणा, फिर्यादीकडे द्यायला तेवढी रक्कम होती का ते उलटतपासात काढू. हे बोलताना मला आतून सरच बोलतायत असं वाटतं.

आता मुलं शब्दाचा अर्थ मोबाईलवर बघतात आणि पुढे जातात, वाईट वाटतं. लायब्ररीला शब्दांच्या उगमाची एक मोठी डिक्शनरी देतोय, फक्त कपाटात कुलूप लावून ठेवू नका, नववीच्या वर्गात टेबलावर राहू दे.