छोट्या वर्कशॉपसाठी सीएनसी राउटर घेतला, त्याचा माझा अनुभव

आमचं मिरजेजवळ छोटं वर्कशॉप आहे, सागवानी देवघरं, मुख्य दरवाजे आणि थोडंफार एमडीएफ जाळीचं काम. कोरीव काम वडिलांच्या हाताखाली तयार झालेले मिस्त्री पटाशीनं करतात आणि जाळी आम्ही बाहेरून जॉबवर्कवर कापून आणायचो. बाहेरच्या कामाचा रेट आणि तारीख दोन्ही आपल्या हातात नसतात, गणपती-दिवाळीच्या आधी तर अजिबातच नसतात, म्हणून ठरवलं की सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइलप्रमाणं लाकूड कापणारं-कोरणारं मशीन, स्वतःचंच घ्यायचं.

साइजचा प्रश्न लगेच सुटला. प्लायची 8 बाय 4 ची शीट म्हणजे 2440 बाय 1220 मिमी, आणि 1325 म्हणतात त्या मशीनचा बेड 1300 बाय 2500, म्हणजे अख्खी शीट बसते आणि सात फुटी दरवाजाही बसतो. 6090 म्हणजे 600 बाय 900 वालं स्वस्त पडतं, जागा कमी लागते, नेमप्लेट आणि छोट्या पॅनेलवाल्यांना तेवढं पुरतं पण आम्हाला दरवाजे करायचेत.

पुढचा घोळ स्पिंडलचा, म्हणजे बिट (लाकूड कापणारं पातं) फिरवणाऱ्या मोटरचा. कुठल्याही डीलरकडं जा, पहिलं वाक्य किती किलोवॅट हेच. मी घरी बसून साधा हिशोब केला तेव्हा चित्रच बदललं. समजा देवघराच्या मागच्या पाटीवर 600 बाय 300 मिमीची नक्षी कोरायचीय, फिनिशिंगला बारीक गोल टोकाचा, म्हणजे बॉल नोज बिट आणि दोन ओळींमधलं अंतर 0.3 मिमी, म्हणजे 1000 ओळी, प्रत्येक 600 मिमीची, एकूण 600 मीटर बिट फिरणार. मिनिटाला 3 मीटर स्पीड धरला तर 200 मिनिटं, सव्वातीन तासांच्या वर! यात स्पिंडल 3 किलोवॅटचा असो की 6 चा, वेळ तेवढाच, कारण फिनिशिंगला बिट लाकूड काढतोच किती? खरा फरक पडतो तो मशीन वळणावर किती पटकन थांबतं आणि परत स्पीड घेतं यानं, म्हणजे मशीन सरकवणाऱ्या मोटर, त्यांना चालवणारे ड्राइव्ह आणि गॅन्ट्रीचा (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या कमानीचा) दणकटपणा. मोठा स्पिंडल कामाला येतो तो 18 मिमीची शीट एका पासात आरपार कापताना. आमचं जास्त काम नक्षीचं, म्हणून मी स्पिंडल 4.5 किलोवॅटवर थांबवला आणि वाचलेले पैसे मशीन सरकवायला स्टेपर मोटरऐवजी सर्व्हो मोटर घेण्यात घातले. साध्या स्टेपरनं मध्येच स्टेप चुकवली तर त्याला स्वतःला कळत नाही, नक्षी सरकते आणि चांगला सागवान वाया जातो, सर्व्हो मागं पडला तर अलार्म देऊन थांबतो. बजेट कमी असेल तर क्लोज्ड लूप स्टेपर, म्हणजे आपली जागा स्वतः तपासणारा स्टेपर, हा मधला रस्ता आहे आणि तो वाईट नाही.

स्पिंडल एअर कूल्ड घेतला. वॉटर कूल्डचा आवाज कमी हे खरं, पण आमच्याकडं बोअरचं क्षारयुक्त पाणी, त्यात पंप आणि टाकीची राखण, कोण करणार? कोलेट (बिट पकडणारी चिमटी) मागताना 6 मिमी आणि 6.35 दोन्ही मागून घ्या, पाव इंची शँकचे म्हणजे दांड्याचे बिट बाजारात भरपूर मिळतात आणि ते 6 च्या कोलेटमध्ये जात नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डेमोला जाताना आपली फाइल आणि आपलं लाकूड घेऊन जा. डीलर एमडीएफवर त्याची घोटून ठेवलेली फाइल लावतो, ती कुठल्याही मशीनवर छानच दिसते. मी सागवानाचा तुकडा नेला, आणि एमडीएफवर 1200 मिमीचा चौकोन कापायला सांगून दोन्ही कर्ण टेपनं मोजले, दोन्ही 1697 च्या आसपास आणि एकमेकांसारखे यायला पाहिजेत. एका ठिकाणी बराच फरक आला, ते म्हणाले फिटिंगच्या वेळी अॅडजस्ट करू, होतही असेल, पण शोरूममध्येच काटकोनात नसलेलं मशीन मला घ्यायचं नव्हतं. मग 200 मिमीचं वर्तुळ कापून व्हर्नियरनं आडवं, उभं, तिरकं मोजायचं, बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना भागांमधला ढिलेपणा, असेल तर तिथं दिसतो. आणि लांब फाइल चालवून परत झीरोवर पाठवा, बिटचं टोक त्याच खुणेवर आलं पाहिजे.

अजून एक टेस्ट, आपल्याकडं तर हवीच. काम चालू असताना मेन स्विच बंद करायला सांगा आणि परत चालू केल्यावर जिथं थांबलं तिथून पुढं जातं का बघा. डीएसपी हँडलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय चालणाऱ्या हातातल्या कंट्रोलरमध्ये, ही सोय असते, फक्त ती चालू करून दाखवायला लावा. कॉम्प्युटरवर चालणारा कंट्रोलर असेल तर यूपीएस लागणारच, आणि कॉम्प्युटर भुशात ठेवायचा हे मला पटत नव्हतं, म्हणून डीएसपी.

सॉफ्टवेअरच्या नावाखाली पेन ड्राइव्हवर आर्टकॅम या नक्षीच्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी देणारे अजून आहेत. ऑटोडेस्कनं आर्टकॅम 2018 लाच बंद केलं, त्याचाच पुढचा अवतार कार्व्हेको नावानं मिळतो. जाळी आणि दरवाजाच्या ग्रूव्हसाठी व्हीकार्व्ह पुरतं, स्वतः थ्रीडी मॉडेल घडवायचं असेल तर अॅस्पायर. लायसन घ्या, ज्या सॉफ्टवेअरवर रोजचं पोट चालणार ते हक्काचं असावं.

व्हॅक्यूम बेड, म्हणजे हवा ओढून शीट धरून ठेवणारा, आम्ही टाळला. पंप साधारण साडेसात एचपीचा, वीज खातो, आणि जाळीला भोकं पडत गेली की हवा गळून पकड ढिली होते. बेडच्या टी-स्लॉट खाचांत क्लॅम्प लावून कडेला टॅब, म्हणजे न कापलेले छोटे जोड, सोडले की भागतं. धूळ मात्र टाळायची गोष्ट नाही. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1995 मध्येच नोंदवलंय, आणि एमडीएफची धूळ तर पिठासारखी बारीक, तासन्‌तास हवेत राहते. माझे मिस्त्री त्याच शेडमध्ये दिवसभर असतात, त्यामुळं डस्ट कलेक्टर मी मशीनच्याच बजेटमध्ये धरला, नंतर बघू म्हणून सोडला नाही. पाइपला आणि मशीनला अर्थिंग वेगळं करून घेतलं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मशीनच्या किमतीवर 18 टक्के जीएसटी, ट्रान्सपोर्ट, उतरवायला हायड्रा क्रेन, बिट आणि डस्ट कलेक्टर हे सगळं मिळून बघा, आणि शेडचा दरवाजा आधी मोजा. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत पण तिथं 5 टक्क्यांनी आधी 1 आणि मग 2 लाख मिळतात, एवढ्यात हे मशीन बसत नाही, आम्ही मुद्राच्या तरुण गटातून कर्ज केलं, त्याची मर्यादा 10 लाख.

आणि पेमेंटचा शेवटचा हप्ता मशीन आपल्या शेडमध्ये लेव्हल होऊन तोच 1200 चा चौकोन परत बरोबर आल्यावरच द्यायचा, हे ऑर्डर देताना कोटेशनवर लिहून घ्या. आम्ही घेतलं होतं. ट्रकमधून आलेलं मशीन पहिल्या दिवशी काटकोनात नव्हतं, टेक्निशियननं संध्याकाळपर्यंत पाय आणि गॅन्ट्री सेट केली, कर्ण जुळले, मग चेक दिला.