मामा, आपल्या ग्रहावर पाऊस कुठे पाडू?

परवा दुपारी तीनचा सुमार. लाईट गेलेली, कूलर बंद, फरशीवर दोन बादल्या पाणी मारून मी बनियनवर उताणा पडलेलो. बहीण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आलेली ती अजून इथेच आहे. तिची पोरगी सातवीत, बाजूला पोटावर पडून कागदावर काहीतरी रंगवत होती, आणि एकदम विचारते, "मामा, आपल्या ग्रहावर पाऊस कुठे पाडू?"

म्हणजे झालंय असं की मैत्रिणी मैत्रिणींनी मिळून एक अख्खा ग्रह बनवायला घेतलाय. पृथ्वीसारखाच, पण पृथ्वी नाही. एकीकडे प्राणी, एकीकडे राजेराण्या, आणि हिच्याकडे आलंय हवामान खातं. जळगावच्या पोरीकडे हवामान द्यावं म्हणजे उपाशी माणसाला पंगत वाढायला उभं करण्यासारखंच आहे. मी डोळे न उघडता म्हटलं, आधी मे महिना काढून टाक.

"कसा काढू?"

आता आली पंचाईत. उठलो, फ्रिजमधलं लिंबू घेतलं (फ्रिजही गरमच होता), त्यात उदबत्तीची काडी खुपसली आणि म्हटलं ही बघ पृथ्वी. ही जी तिरकी आहे ना, साडेतेवीस अंश, ती सगळी भानगड. अर्धं वर्ष डोकं सूर्याकडे, अर्धं वर्ष पाय. आपलं गाव २१ अंशांवर, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य एका दुपारी अगदी टाळूवर येतो, खांबाची सावलीसुद्धा खांबाच्या बाहेर पडत नाही. परत जुलैत येतो, पण तेव्हा ढग असतात म्हणून आपण वाचतो. तर तू काडी सरळ उभी कर. कल नाही तर ऋतू नाहीत, बारा महिने मार्च. झाला ग्रह.

ती खूष. मी परत आडवा. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. काडी सरळ केली तर मान्सूनचं काय? तो पावसाचा पट्टा सूर्याच्या मागे मागेच तर वर येतो, जमीन तापते, समुद्रावरची ओली हवा ओढली जाते. सूर्यच विषुववृत्तावर ठाण मांडून बसला तर पाऊसही तिथेच बसेल, २१ अंशांवर आपल्याकडे कशाला येतोय मरायला! वर तिकडे उठलेली हवा पार तीस अंशांच्या आसपास खाली उतरते, कोरडी ठक्क होऊन, सहारा न अरबस्तान त्यातलेच. म्हणजे मे काढला की मिरगही गेला. सांगितलं तिला तसं. तिने काही न बोलता लिंबू परत तिरकं केलं.

मग म्हटलं दुसरा बेत. काही ग्रहांची एकच बाजू कायम आपल्या सूर्याकडे असते म्हणतात. प्रॉक्सिमा सेंटॉरी बी म्हणून एक २०१६ साली सापडलाय, सव्वाचार प्रकाशवर्षांवर, तोही बहुधा तसाच. एका बाजूला कायमची दुपार, म्हणजे भुसावळ. दुसरीकडे कायमची रात्र. आणि मधे गोल कडेकडेने नुसती संध्याकाळ, न संपणारी. मला तर फार आवडला हा ग्रह. त्याचं वर्ष आपल्या साधारण अकरा दिवसांचं, म्हणजे दर अकरा दिवसांनी आखाजी, दर अकरा दिवसांनी सांजोऱ्या! बहीण आतून ओरडली, आणि त्या तळायच्या कोणी?

संध्याकाळ म्हटली की मला अमळनेरकडचं आमचं धाब्याचं घर आठवतं. दिवस कलला की पोरांनी धाब्यावर पाणी शिंपायचं, जास्त नाही, मातीचं धाबं आहे, गळलं तर शिव्या. तो वास. मग बाजा वर चढवायच्या, गोधड्या पसरून ठेवायच्या म्हणजे त्या गार होतात, आणि आपण त्यावर आधी लोळलो तर मोठी माय खालून ओरडणार. नऊ वाजेपर्यंत झळा, मग केव्हातरी तापीकडून वाऱ्याची एक झुळूक यायची, एकच, आणि सगळी आळी एकदम गप्प व्हायची. बारा महिने मार्च असता तर त्या झुळकीला कोणी विचारलं असतं का, माहीत नाही. जाऊ दे, असं म्हणणारे लोक एसीत बसून म्हणतात, मलाही एसी मिळाला तर मी आत्ता ही झुळूक विकायला तयार आहे.

तर पोरीने तेवढ्यात समुद्राच्या कडेकडेने तपकिरी रंगाचा लांबलचक डोंगर काढला. का, तर छान दिसतो म्हणून. मी म्हटलं मागची बाजू हिरवी नको करू.

"का?"

"वारा समुद्राकडून येणार ना? हवा डोंगर चढताना गार होते, पाणी अलीकडेच टाकून देते. पलीकडे उतरते ती कोरडी न गरम."

"मग पलीकडे कोण राहतं?"

"आपण," मी म्हटलं.

तिने हिरवा खडू खाली ठेवला आणि पिवळा घेतला. मला वाईटच वाटलं जरा. स्वतःचा ग्रह, स्वतःचे खडू, तरी डोंगर आला की त्याच्या मागे कोणाला तरी बसावंच लागतं.

मोठी माय आखाजीला घागर पुजायची तेव्हा घागरीखाली चार ढेकळं ठेवायची. वावरातून तीच निवडून आणायची, दोन्ही हातांत तोलून, सारख्या वजनाची. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. घागर रात्रभर झिरपायची आणि सकाळी बघायचं कोणतं ढेकूळ किती भिजलं, त्यावरून त्या महिन्याचा पाऊस. आमच्यात पैजा लागायच्या, मी एकदा श्रावणाच्या ढेकळावर गुपचूप ओंजळभर पाणी ओतलं होतं, श्रावणात शाळेला पावसाची सुट्टी मिळावी म्हणून. तिच्या लक्षात आलं. मारलं नाही, नुसती म्हणाली, "भाऊ, तठे वतीसन काय व्हस?"

१९७२ च्या दुष्काळाचं ती एरवी बोलायची नाही. लाल मिलो ज्वारीची भाकरी, खडी फोडायला गेलेल्या बाया, हे सगळं आम्ही दुसऱ्यांकडून ऐकलं. पण त्या दिवशी भिजलेलं ढेकूळ पदराने टिपत टिपत तिने सांगितलं, बहात्तरच्या आखाजीला सकाळी घागर उचलली तर चारही ढेकळं चिंब होती.

आणि त्र्याहत्तरला तिने परत चार निवडून आणली.