ब्रेक पॅड आणि डिस्क घरी बदलताना पैसा नक्की कुठे वाचतो

"ब्रेक पॅड आणि डिस्क घरच्या घरी बदलता येतात का, आणि त्यात खरंच काही वाचतं का?" इंदूरच्या ओळखीच्या घरांतून हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्याकडे बहुधा सात-आठ वर्षांची हॅचबॅक असते, पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि हातात वर्कशॉपने दिलेला खर्चाचा अंदाज. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. बदलता येतात. पैसेही वाचतात. मजुरी वाचतेच, पण खरी बचत पुढच्या वेळी दिसते, कारण या कामात वेळ खातो तो घासूनपुसून साफ करण्याचा भाग. रोज रांगेने गाड्या उरकणाऱ्या मेकॅनिकला तेवढी सवड मिळत नाही. तुम्हाला रविवारी मिळते.

आधी हे बघा की गाडी घरी उघडण्यासारखी आहे का. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल, ब्रेकच्या रबरी पाइपला चिरा असतील किंवा एबीएसचा दिवा लागत असेल, तर सरळ मेकॅनिककडे जा. मागेही डिस्क असलेल्या गाडीची मागची चाकं घरी उघडू नका. तिथले पिस्टन, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे दट्टे, बऱ्याचदा नुसते दाबून आत जात नाहीत, फिरवत घालावे लागतात, आणि हँडब्रेक बटणाचा असेल तर गाडी आधी सर्व्हिस मोडवर घ्यावी लागते. मी बोलतोय ते पुढच्या दोन चाकांबद्दल.

पॅडवरचा घासणारा थर नवा असताना साधारण दहा मिलिमीटर असतो. तीन मिलिमीटरवर आला की बदला. बऱ्याच पॅडांना एक पत्र्याची जीभ असते, थर संपत आला की ती डिस्कला घासून चिरकते. दुसरी खूण बॉनेटखाली मिळते. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर सरकतो आणि डबीतलं ब्रेक ऑइल खाली उतरतं. अशा वेळी वरून ऑइल ओतून डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा घालवू नका, आधी पॅड बघा.

डिस्कचं मात्र मोजल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि मोजण्यात एक हमखास चूक होते. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. आतून पोकळ खाचा असलेली डिस्क नवी असताना त्या आकड्यापेक्षा साधारण दोन मिलिमीटर जाड असते. म्हणजे सगळा हिशेब त्या दोन मिलिमीटरचा. पण जुन्या डिस्कच्या अगदी बाहेरच्या काठाला पॅड लागतच नाही, तिथे गंजलेली कड उभी राहते. व्हर्नियर, म्हणजे जबड्यांनी जाडी मोजायचं हत्यार, थेट लावला की त्याचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि झिजलेली डिस्कही चांगली असल्याचं दिसतं. यावर उपाय दोन सारख्या नाण्यांचा आहे. कडेच्या आत, पॅड घासतं त्या पट्ट्यावर, दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरा, नाण्यांसकट माप घ्या आणि दोन्ही नाणी एकत्र मोजून येणारी जाडी त्यातून वजा करा. हे डिस्क फिरवत चार-पाच ठिकाणी करा. आकडा किमानच्या जवळ आला असेल किंवा खोल चरे, तडे, निळे डाग दिसले तर डिस्क बदला. जाडी भरपूर आहे, पृष्ठभाग सपाट आहे आणि ब्रेक दाबताना पेडल थरथरत नाही, अशा वेळी जुन्या डिस्कवर नवी पॅड लावायला काहीच हरकत नाही. सामानाचा निम्म्याहून जास्त खर्च इथेच वाचतो. लेथवर डिस्क सपाट करून घेण्याचा पर्याय आहे, पण कापल्यानंतर जाडी किमान आकड्याच्या बऱ्यापैकी वर उरणार असेल तरच.

खरेदीला छोटी ग्वालटोली किंवा तुमच्या नेहमीच्या पार्टवाल्याकडे जा, पण जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल आणि जुन्या पॅडचा फोटो सोबत ठेवा. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळे कॅलिपर, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणारा डिस्कवरचा भाग, आलेले असतात. छोट्या हॅचबॅकच्या दोन्ही पुढच्या चाकांची पॅड साधारण हजार ते दोन हजारांत येतात, डिस्कची जोडी तीन ते पाच हजारांत. टीव्हीएस गर्लिंग, राणे, अलाइड निप्पॉन, बॉश यांपैकी मिळेल ते घ्या, बिल घ्या, आणि "कंपनीचंच आहे" म्हणत बिनाखोक्याचं काही पुढे सरकवलं तर परत करा. एकाच चाकाचं पॅड किंवा एकच डिस्क कधीच बदलू नका, गाडी एका अंगाला ओढते. हत्यारं सियागंजात मिळतील: रिंग पाने आणि गोटी पाने, सी क्लॅम्प, तारेचा ब्रश, दोन जॅक स्टँड. टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणारा, भाड्याने किंवा उसना चालेल. जॅक स्टँडवर पैसे वाचवू नका. गाडीतला जॅक पंक्चरसाठी आहे, त्याच्या भरवशावर गाडीजवळ तासभर बसायचं नसतं.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांचा पोर्च रस्त्याकडे उतरता असतो. तिथे गाडी उचलू नका, सपाट जागा शोधा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा, मग उचला, स्टँडवर बसवा, आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड सटकलाच तर गाडी त्या चाकावर बसेल. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे कोणती क्लिप कुठे होती हे बघायला दुसरी बाजू जागेवर असते.

ब्रेकची काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरने उडवूही नका, साबणाच्या पाण्याने भिजवून पुसा. कॅलिपर मागून दोन बोल्टवर बसलेला असतो, बहुतेक छोट्या गाड्यांत १२ किंवा १४ च्या पान्याचे. नुसती पॅड बदलायची तर खालचा काढून कॅलिपर वर फिरवता येतो. डिस्क काढायची असेल तर कॅलिपर पूर्ण सोडवून सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेने बांधा. तो रबरी पाइपवर लोंबकळला तर पाइप आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मग कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट, बहुधा १७ चे, चांगलेच घट्ट. जुनी डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंजून चिकटलेली असते. तिच्या टोपीवर आटे असलेली दोन भोकं दिसतील, बहुधा ८ मिलिमीटर बोल्टची. दोन बोल्ट घ्या आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळत न्या, डिस्क आपोआप सुटून येते. भोकं नसतील तर गंज सोडवणारं तेल आणि टोपीवर चौफेर हातोडी. काही जुन्या मॉडेलांत डिस्क हबच्या मागून जोडलेली असते, ती सोडवायला हब उपसावा लागतो. ते काम गॅरेजचं.

आता काढलेली जुनी पॅड मांडून ठेवा, आणि दुसरी बाजू उघडली की तिथली दोन शेजारी ठेवून चारही ओळीने बघा. माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि गॅरेजमध्ये नेमकी हीच पॅड सरळ भंगारात जातात. चारही सारखी झिजली असतील तर सगळं ठीक. आतलं पॅड पत्र्यापर्यंत गेलंय आणि बाहेरचं अजून जाड आहे, तर पिस्टन नीट मागे सरकत नाही किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो तिथे अडकतोय. बाहेरचं जास्त झिजलंय तर संशय पिनांवरच. एकच पॅड वरून जाड आणि खालून पातळ, म्हणजे एक पिन अडकलीय किंवा ब्रॅकेटच्या खाचेत गंज साठून पॅडचा कान, म्हणजे बाजूचं टोक, तिथे फसलाय. डावी जोडी उजवीपेक्षा बरीच पातळ असेल तर त्या बाजूचा पिस्टन किंवा पाइप बघा. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॅड तापून भाजली आहेत. हे न वाचता नवी पॅड घातली तर तीही तशीच झिजतील, निम्म्या आयुष्यात.

म्हणून दोन्ही पिना ओढून काढा. कोणती वरची, कोणती खालची हे लक्षात ठेवा, एकीला रबरी बाही असू शकते. जुनं वाळलेलं ग्रीस पूर्ण पुसा, गंज असेल तर काढा, खड्डे पडले असतील तर पिनांचा संच नवा घ्या, तो स्वस्त असतो. ग्रीस कॅलिपरसाठीचंच, सिलिकॉनचं. चाकाच्या बेअरिंगचं पेट्रोलियम ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन महिन्याभरात पुन्हा जाम. पिन दोन बोटांनी आतबाहेर सरकायला हवी. ब्रॅकेटमधल्या पत्र्याच्या क्लिप काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत घासा.

हबचं सपाट तोंडही तसंच घासायचं आहे. तिथे गंजाचा कागदाएवढा पापुद्रा राहिला तरी नवी डिस्क किंचित तिरकी बसते, आणि मधला हा तिरकेपणा बाहेरच्या काठापर्यंत वाढत जातो. बहुतेक गाड्यांत काठावर ०.०५ ते ०.१० मिलिमीटरहून जास्त डगमग चालत नाही. सुरुवातीला काही जाणवतही नाही. पण डिस्क दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते, तिथे पातळ होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरू लागतं. मग लोक म्हणतात, "डिस्क बेंड झाली." डिस्क वाकलेली नसते, असमान झिजलेली असते, आणि दोष बहुधा हबवरच्या गंजाचा असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर हा गंज हमखास मिळतो.

नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं. ब्रेक क्लीनरने, नाहीतर गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुऊन कोरडी करा. रॉकेल किंवा डिझेल वापरू नका, तेलकट थर मागे राहतो. पिस्टन आत ढकलण्यापूर्वी ब्रेक ऑइलची डबी बघा. काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या, नाहीतर ते उतू जाईल आणि रंग खाईल. जुनं पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने सावकाश दाबा. पिस्टन अडखळला किंवा त्याचं रबरी कव्हर फाटलेलं दिसलं तर काम थांबवा, आता कॅलिपरच दुरुस्तीला न्यायचा आहे. पॅडच्या कानांना अगदी पुसट ग्रीस, घासणाऱ्या पृष्ठभागाला बोटही नको. बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा. कॅलिपरचे छोटे बोल्ट जोर लावून पिळले की आटे जातात. चाकाचे नट छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर, आणि तेही गाडी खाली उतरवल्यावर, समोरासमोरचे आळीपाळीने.

गाडी सुरू करून हलवण्यापूर्वी पेडल पंप करा. पहिल्या काही दाबांना पाय तळाला जातो, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो. पेडल कडक झाल्यावर ऑइलची पातळी बघा आणि मगच फाटकाबाहेर पडा. हे विसरून पोर्चमधून गाडी मागे घेतली तर ती समोरच्या भिंतीपर्यंत थांबत नाही.

मग पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवायचे. पहाटे सुपर कॉरिडॉरवर गर्दी नसताना ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने आणा, पूर्ण थांबू नका, अर्धा किलोमीटर थंड होऊ द्या, असं आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ एकसारखा थर डिस्कवर बसतो. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलं तर तिथे ठसा उमटतो आणि थरथर सुरू होते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येणार नाही अशा बेताने चालवा.

महेश्वरला जाम गेटच्या घाटाने किंवा ओंकारेश्वरला भेरूघाटाने उतरणाऱ्यांनी ब्रेक ऑइलकडेही बघायलाच हवं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीचं ऑइल कमीत कमी २३० अंशांना उकळतं, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. सलग उतारावर ब्रेक दाबून ठेवले की ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या, झाकणावर लिहिलेल्या डॉटचंच, बंद बाटलीतलं. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढण्याची सवय नसेल तर तेवढं काम गॅरेजला द्या. आणि घाटात ज्या गिअरने चढला असता, त्याच गिअरने उतरा.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा टॉर्कला तपासा. त्याच दिवशी, फारसे ब्रेक न मारता थोडी गाडी चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न टेकता धरून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अजून अडकतोय. चाक पुन्हा उघडा.